एकच चप्पल: गोष्ट सांगताना थांबायचं कुठे आणि किती

प्रश्न विचारणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. शनिवारी गावच्या वाचनालयात त्या कथाकथन करतात. स्वतः लिहिलेली एक कथा त्यांनी पाठवली आहे, आणि प्रश्न तिच्यातल्या एका प्रसंगाचा आहे. पुराचे दिवस, मुलगा नदीकडे गेलेला. संध्याकाळी दारावर थाप पडते, आई दार उघडते, समोर शेजारचे अण्णा, त्यांच्या हातात मुलाची चप्पल. ताई लिहितात, "इथे मी पाच सेकंद थांबते आणि मग सांगते की मुलगा वाहून गेला. पण त्या पाच सेकंदांत लोक चुळबुळतात, मागच्या रांगेत कुजबुज होते. थांबायचं किती? आणि ताण वाढवायचा तर वेग वाढवावा की कमी करावा?"

ताई, मी २८ वर्षं गोष्टी सांगते आहे. त्यातली ११ वर्षं आकाशवाणीसाठी श्रुतिकाही बसवल्या. तुमचा प्रसंग चांगला आहे, थांबावंसं वाटलं हेही बरोबर आहे. फक्त तुम्ही थांबता त्या जागी ऐकणाऱ्याला करायला काहीच उरलेलं नाही. पुराचे दिवस, नदीवर गेलेलं पोर आणि दारात चप्पल घेऊन उभा असलेला माणूस, एवढ्यावर तुमच्या श्रोत्यांना सगळं कळतं. मागच्या रांगेतली माणसं बहुधा एकमेकांना "गेलं वाटतं पोरगं" एवढंच सांगत असतात. त्यांना उत्तर मिळालंय आणि तुम्ही अजून प्रश्नापाशीच उभ्या आहात. अशा वेळी दोन सेकंदही फार होतात.

म्हणून किती थांबायचं हे आपण नंतर बघू. आधी हे बघायला हवं की थांबण्याच्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे. पुढे काय यायला हवं हे त्याला ठाऊक असेल, तरच ते आलं नाही हे त्याला ऐकू येतं. माझ्या लेखी शांततेचं सगळं तंत्र यातून निघतं.

हे आपण सगळे दोन-तीन वर्षांचे असताना शिकलो आहोत. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीच्या दाराशी येतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आणि चिऊताई काय म्हणते? "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे." परत थाप. "थांब, माझ्या बाळाला अंगडं घालू दे." परत थाप. "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे." बाहेर पाऊस, कावळा भिजतोय, आणि आत एका बाळाचं सगळं साग्रसंगीत चाललंय. प्रत्येक घरात ही कामं वेगळी असतात. कुणाकडे पावडर असते, कुणाकडे काजळ, कुणाकडे पाळण्यात घालून झोपवणं. पण या गोष्टीत अमुक घडलं आणि कावळा घाबरला, असं कुणी सांगत नाही. सांगणारी आजी फक्त दार उघडायचं लांबवते. पोराला माहीत असतं की दार उघडायला हवं. ते उघडत नाही, आणि न उघडण्याचं कारण दरवेळी इतकं साधं आणि इतकं खरं असतं की चिऊताईला दोषही देता येत नाही. गोष्ट शंभर वेळा ऐकलेलं पोरसुद्धा त्या जागी अंथरुणात हलायचं थांबतं.

ताण वाढवण्यासाठी भीतीचे शब्द लागत नाहीत, हे मी या गोष्टीतून घेतलं. ठरलेली गोष्ट व्हायला उशीर व्हावा लागतो, आणि तो उशीर घरातल्या कामांनी भरलेला असावा लागतो.

दुसरं उदाहरण आपल्या संगीतातलं देते. तिहाई तुम्ही ऐकली असेल. एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. तिच्या दोन जाती आहेत, दमदार आणि बेदम. बेदम तिहाईत तिन्ही तुकडे एकाला एक लागून येतात. दमदार तिहाईत दोन तुकड्यांच्या मध्ये दम असतो, म्हणजे मोजलेली रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत बैठकीतले सगळे पुढे का झुकतात? कारण त्रितालाच्या १६ मात्रा त्यांच्या अंगात चालू असतात आणि सम कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. ज्याला ताल कळत नाही त्याच्यासाठी तो दम म्हणजे तबलजी क्षणभर थांबला, एवढंच. तेव्हा आधी ताल कळू द्यायचा, सम कुठे आहे ते दाखवायचं आणि मग दम घ्यायचा. तुमच्या कथेत सम कुठे आहे हे श्रोत्याला अजून कळलेलंच नाही.

ती कशी दाखवायची? तुमचाच प्रसंग घेऊ. चप्पल ही वस्तू तुम्ही फार छान निवडली आहे आणि तिचा अर्धाच उपयोग केला आहे. चपला जोडीनं असतात, हे ठाऊक नसलेला श्रोता जगात नाही. तीच तुमची सम. कथेच्या सुरुवातीला, सकाळच्या गडबडीत, एक चप्पल दारात आणि एक अंगणात टाकून आत पळणारा मुलगा दाखवा. आई ओरडते, "जोडीनं ठेव म्हणून किती वेळा सांगू रे?" आणि स्वतःच वाकून दोन्ही चपला उंबऱ्याशेजारी लावते. हे पुढे एकदा परत येऊ द्या, दुसऱ्या एखाद्या दिवशी, नुसत्या ओझरत्या वाक्यात. दोनदा पुरे. तिसऱ्यांदा आणलंत तर श्रोता सावध होतो.

आता संध्याकाळ. मी असं सांगून पाहीन.

"भात झाला. चार वाजता पाऊस उघडला. पाच वाजले, सहा वाजले. आई भाकरीला बसली.

दारावर थाप पडली.

आईचे हात पिठाचे. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. हात धुतले. पदराला पुसले. 'आले, आले,' म्हणाली. कडी काढली.

अण्णा.

छत्री होती हातात, मिटलेली. सगळे भिजलेले. बोलले काहीच नाहीत. दुसरा हात पुढे केला.

चप्पल.

एकच.

आईनं ती घेतली. चिखल लागला होता, तो पदरानं पुसला. डाव्या पायाची होती. तिनं ती उंबऱ्याशेजारी ठेवली. उजवीची जागा सोडून."

मुलगा वाहून गेला, हे वाक्य मी काढून टाकलं आहे. तुम्हालाही ते काढावं लागेल. कठीण जातं, मला माहीत आहे. ज्या वाक्यासाठी कथा लिहिली तेच वाक्य काढायचं म्हणजे हात थरथरतो. पण ते वाक्य ऐकणाऱ्यानं मनात स्वतः म्हटलेलं असतं, आणि माणूस स्वतः जे म्हणतो ते त्याला जास्त लागतं.

थाप आणि कडी यांच्यामध्ये चिऊताईची कामं आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भाकरी उलटणं, हात धुणं, पदराला पुसणं. इथे आवाज अजिबात गंभीर करू नका. रोजची संध्याकाळ आहे त्या आवाजातच सांगा. आईला अजून काही माहीत नाही, मग सांगणाऱ्याच्या आवाजाला कसं माहीत असेल? नव्या कथाकारांकडून ही चूक फार होते. संकट येण्याआधीच आवाज खाली जातो, डोळे मोठे होतात, आणि श्रोत्याला पुढचं पान दिसतं.

आता शांततेच्या जागा. "चप्पल" आणि "एकच" यांच्यामध्ये छोटी, दीड-दोन सेकंदांची. तिथे श्रोता दुसरी चप्पल शोधत असतो. मोठी शांतता तुम्ही ठेवता तिथे नकोच. ती शेवटी, "उजवीची जागा सोडून" याच्या नंतर. तुमचे पाच सेकंद तिथे न्या. ते तिथे पेलतील.

सेकंदांबद्दलही बोलते, कारण तुम्ही नेमका आकडा विचारला आहे. जगातल्या १० भाषांमधली संभाषणं तपासणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, असं त्यात दिसलं. त्याहून फार उशीर झाला की आपला कान लगेच टवकारतो. "उद्या येतोस ना?" विचारल्यावर समोरचा एक सेकंद गप्प राहिला तरी आपल्याला कळतं की तो येणार नाही. गोष्ट सांगणारा एक सेकंद थांबला तर ते बोलण्याच्या हिशोबात मोठं थांबणं आहे. माझ्या अनुभवात लहान खोलीत दोन सेकंद भरपूर होतात. तीनशे माणसांच्या सभागृहात तीन-चार लागतात, कारण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज विरायलाच वेळ लागतो. पाचच्या पुढे जायचं तर कथेनं ते कमवलेलं हवं.

पण मंचावर सेकंद मोजू नका. मोजणारा माणूस श्रोत्यांना दिसतो. त्याऐवजी त्या जागी पात्राच्या मनात काय चाललंय याचं एक वाक्य ठरवा आणि ते मनात म्हणा, न घाई करता. "चप्पल" म्हटल्यावर मी आईच्या वतीनं मनात म्हणते, "सकाळी मीच लावल्या होत्या दोन्ही." तेवढाच माझा थांबा. वहीच्या समासात मी अशी न बोलायची वाक्यं पेन्सिलीनं लिहून ठेवते. ज्या जागी असं वाक्य सुचत नाही तिथला थांबा काढून टाकते, कारण तो मी फक्त परिणामासाठी ठेवलेला असतो.

आता वेगाचं. वाढवायचा की कमी करायचा, याचं उत्तर एसटीत मिळतं. धावती एसटी थांबली की उभे असलेले सगळे पुढे झुकतात. उभ्याच असलेल्या गाडीत ब्रेक दाबून काय होणार? तुमच्या कथेत मुलाची शाळा, मित्र, नदीची वाट, पूर, दार, सगळं एकाच चालीनं येतं, म्हणून थांबलेलं कळत नाही. दिवस उडवा. "चार वाजता पाऊस उघडला, पाच वाजले, सहा वाजले," यात दोन तास एका श्वासात गेले. मग थाप ते कडी या अर्ध्या मिनिटाला पुरतं अर्धं मिनिट द्या, जास्तच द्या. घड्याळातला वेळ आणि सांगण्यातला वेळ यांचं प्रमाण असं पालटलं की श्रोत्याला न सांगता कळतं की काहीतरी येतंय. "अचानक", "तेवढ्यात", "आणि काय आश्चर्य" हे शब्द मग लागत नाहीत. हे शब्द मी कथाकथनाच्या संहितेतून सरसकट खोडते. ते घटनेच्या आधी दवंडी पिटतात.

आपल्या भाषेचा एक फायदा इथे घ्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा शेवटपर्यंत काहीतरी राखून ठेवतं. "अण्णांनी दुसरा हात पुढे" इथपर्यंत हात काय करणार हे माहीत नसतं. आणि हवं तेव्हा आपण ते क्रियापद आधी आणू शकतो. "बोलले काहीच नाहीत." "छत्री होती हातात, मिटलेली." सगळ्या भिजलेल्या माणसाची छत्री मिटलेली, हे शेवटी ठेवलं म्हणून ते कानात राहतं. वाक्य मोठ्यानं म्हणत शब्द पुढेमागे करून बघा. कागदावर बघून हे ठरत नाही.

शांततेचा माझा सगळ्यात मोठा धडा रेडिओनं दिला. रेडिओवर चेहरा नाही, दिवे नाहीत. चार सेकंद आवाज आला नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं संच बिघडला, आणि आमच्या ड्युटी रूममधल्या माणसालाही वाटतं की प्रक्षेपण तुटलं. एका श्रुतिकेत एक मुलगी रात्री आजारी वडिलांच्या उशाशी बसून बोलत असते. शेवटी तिला कळतं की ते गेले आहेत. लेखकानं तिच्या तोंडी किंकाळी लिहिली होती. मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ निर्मात्यांनी ती काढली. त्यांनी प्रसंगाच्या सुरुवातीपासून टेबलफॅनचा आवाज ठेवायला सांगितला. आम्ही पात्याला पुठ्ठ्याचा तुकडा हलकेच लावून बारीक फडफड मिळवली. मुलगी बोलतेय, फॅन फडफडतोय, आठ मिनिटं. ऐकणारा त्या आवाजाला सरावून गेला, मग विसरूनच गेला. मग वीज जाते. फॅनची फडफड मंदावत थांबते. मुलगी म्हणते, "गेली वाटतं." आणि मग शांतता. तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं की फॅनच्या आवाजाखाली वडिलांचा श्वास असायला हवा होता, आणि तो ऐकू येत नाहीये. ती चार सेकंदांची जागा होती. मी संहितेवर लाल पेन्सिलीनं "४ सेकंद, मुद्दाम" असं लिहून ड्युटी रूमला आधी कळवलं होतं. "गेली वाटतं" हे तिचं वाक्य विजेबद्दल होतं. मला आजही त्या जागेची आठवण झाली की हात थंड पडतात.

तेव्हापासून शांतता हवी असेल तर आधी मी काहीतरी ऐकू येत राहील अशी सोय करते. कथाकथनात फॅन नसतो, पण आईचं एकसारखं बोलणं असतं, पावसाचं वर्णन असतं, भाकरी थापण्याची लय असते. ती चालू करा, चालू ठेवा आणि मग बंद करा.

लोक चुळबुळतात याचं आणखी एक कारण असू शकतं. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एका मंडळात मी अशाच एका जागी थांबले. मांडवात पाचशे माणसं होती. मी थांबले आणि समोरच्या कागदाकडे पाहिलं. कार्यक्रम संपला असं समजून निवेदकांनी माइक घेतला, टाळ्या झाल्या, बक्षीस समारंभ सुरू झाला. कथेची शेवटची पाच मिनिटं राहिली ती राहिलीच. मला त्या मंडळाचा पुष्कळ दिवस राग होता. मग त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण हाती आलं आणि मी ते पाहिलं. थांबण्याआधीच्या वाक्याचा सूर मी खाली टेकवला होता. श्वास सोडला होता. नजर खाली गेली होती. संपलं हे सांगण्याच्या या तिन्ही खुणा आहेत, आणि त्या मी एकाच क्षणी दिल्या होत्या. निवेदक चुकले नव्हते.

म्हणून थांबताना सूर मोकळा ठेवा, टेकवू नका. श्वास आत घ्या आणि तिथेच धरा. तुम्ही श्वास सोडलात की समोरचे सोडतात. नजर एका माणसावर ठेवा, शक्यतो मधल्या रांगेतल्या, आणि हलवू नका. पाण्याचा पेला, चष्मा, पदर, कशालाही हात नको. बोलायला लागाल तेव्हा थांबण्याआधी होतात त्यापेक्षा खालच्या पट्टीत लागा. मोठ्या आवाजानं शांतता मोडली तर लोक दचकतात आणि आधीचं विसरतात.

एका कथेत मोठी शांतता एकच. २५ मिनिटांच्या कथेत एक मोठी आणि दोन-तीन छोट्या, याच्या पुढे मी कधी गेले नाही. वाक्यावाक्याला थांबणारे कथाकार हल्ली बरेच ऐकू येतात, आणि मला ते सोसत नाहीत. सगळ्याच जागा भरीव केल्या की कुठलीच उरत नाही. मांडवात, जिथे रस्त्यावरून गाड्या आणि शेजारच्या मंडळाची गाणी ऐकू येतात, तिथे शांततेच्या नादी लागू नका. चिऊताईची कामं वाढवा. आणि समोर सहा-सात वर्षांच्या आतली मुलं असतील तर ती तुमच्या थांब्यात हमखास बोलणार. बोलू द्या, ती गोष्टीच्या आतच असतात. घरी गोष्ट सांगताना "हं" म्हणत राहायला लावतात तो हुंकार आठवा. तो थांबला आणि डोळे उघडे असले, तर समजायचं की गोष्ट लागली.

छापायला देणार असाल तर टिंबांवर भिस्त ठेवू नका. कागदावर थांबा हवा तिथे परिच्छेद तोडा, किंवा पात्राला दुसरीकडे बघायला लावा. ध्वनिमुद्रण करणार असाल तर संपादन करणाऱ्याला आधी सांगा. मोकळ्या जागा आपोआप कापणारी सॉफ्टवेअर आता सर्रास वापरतात, आणि तुमचे दोन सेकंद त्यात पहिले जातील.

शनिवारी ही कथा पुन्हा सांगा. "उजवीची जागा सोडून" म्हणालात की नमस्कार करू नका, "धन्यवाद" म्हणू नका, वही मिटू नका. मधल्या रांगेतल्या त्या माणसाकडे बघत उभ्या राहा. कुणीतरी खोकेल, कुणाची तरी खुर्ची सरकेल. तेव्हा हात जोडा.